बुटकीचे दात

"धर नीट. हलू देऊ नको," बाबनराव म्हणाला. मैनाबाईने फडक्यात गुंडाळलेली बुटकी छातीशी घट्ट धरली. बुटकी म्हणजे गिनीपिग. दोन मुठींएवढं, तांबड्या-पांढऱ्या केसांचं, बिनशेपटीचं जनावर. बाबनरावने अंगठ्याने तिचा ओठ वर केला आणि बारीक पक्कड लावली. कट्ट! वाढलेल्या दाताचा तुकडा उडून चुलीपाशी पडला.

बाबनराव चौदा वर्षं एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत जनावरं सांभाळत होता. दात वाढलेलं जनावर प्रयोगाला चालत नाही, म्हणून बुटकीला मारून टाकणार होते. त्याच्याने ते पाहवेना. त्याने तिला थैलीत घातलं, थैली सायकलच्या दांडीला अडकवली आणि तिला इंदोरा मोहल्ल्यातल्या आपल्या घरी आणलं. या जातीचे दात नखांसारखे जन्मभर वाढतात आणि फार वाढले की समोर चारा असून जनावर उपाशी मरतं, हे सगळ्या मोहल्ल्यात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. आता सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक झालं होतं, कारण तो दुसरं काही बोलतच नसे.

"अवो, माही दाढबी ठणकून राहिली दोन महिन्यांपासून," फडकं सोडता सोडता मैनाबाई म्हणाली. "रगतबी येते."

"लवंग धर ना वं," बाबनराव पक्कड पुसत म्हणाला.

त्या दिवशी बुटकीने हिरव्या घासाची जुडी फस्त केली. बाबनराव उकिडवा बसून पाहत राहिला. असा आनंद त्याला पोरीच्या लग्नातही झाला नव्हता.

आठ दिवसांनी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात त्याला भाकरीचा गोळा दिसला. दुपारी बुटकीला भाकरीचा तुकडा मिळायचा. हा तुकडा चावून चावून लगदा केलेला होता, पण गिळलेला नव्हता. बाबनरावला सांगायला कोणी लागत नव्हतं. दात दुखणारं जनावर घास तोंडात घेतं, घोळवतं आणि टाकून देतं, हे त्याने प्रयोगशाळेत किती वेळा तरी पाहिलं होतं. त्याने पुन्हा पक्कड काढली.

दोन दिवसांनी पुन्हा गोळा, आणि आता त्यात रक्ताची लाल रेघ. बाबनरावने अर्ध्या दिवसाची सुटी टाकली, पिंजरा कॅरिअरला बांधला आणि जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरने टॉर्च लावून बुटकीचं तोंड आतपर्यंत पाहिलं.

"दात ठीक आहेत. दाढाही ठीक आहेत. आता उगाच कापू नका."

"त्याले गाई-म्हशीचंच समजते," घरी येऊन बाबनराव मैनाबाईला म्हणाला. "भाकर थुकून राहिली ते, अन् हा म्हणते ठीक आहे."

 मैनाबाई हल्ली फारसं बोलतच नव्हती. जेवणही कमी झालं होतं. सकाळी भाकरी नको म्हणायची, लागोपाठ दोन गुरुवारी तर नुसत्या चहावर राहिली. कधी घेतली तर अर्धी भाकरी घ्यायची, आणि तीही त्याचं जेवण उरकल्यावर, मागच्या दारात पिंजऱ्याजवळ एकटी बसून. बाबनरावच्या मनात वेगळाच संशय आला. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी त्याने देव्हारा स्वतःच्या हाताने घराबाहेर काढला होता. त्या दिवसापासून या घरात उपास नव्हता.

"पुन्हा गुरुवार धरले काय वं तू? चोरून उपास करून राहिली माह्या घरात?"

मैनाबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. तोंड काही उघडलं नाही. म्हणजे खरंच आहे, असं त्याने धरलं आणि अबोला सुरू केला. पुढच्या आठ दिवसांत तो तिच्याशी एकच शब्द बोलला. गोळे सापडतच होते, आणि या खेपेला त्याने दात पार हिरडीपर्यंत कापायचे ठरवले होते. तो शब्द होता, "धर."

त्यानंतर बुटकीने घासाला तोंड लावलं नाही. काडी पकडायला तिला दातच उरले नव्हते. बाबनरावने हरभरे वाटून भरवले, चमच्याने पाणी पाजलं. चौथ्या दिवशी सकाळी ती पिंजऱ्यात आडवी पडलेली दिसली.

त्याने तिला निंबूच्या झाडाखाली पुरलं आणि तिथेच मटकन बसला. आई गेली तेव्हा न रडलेला माणूस हुंदके देऊन रडला. मैनाबाईने पाण्याचा गिलास आणून दिला. पदर तिने गालाशी दाबून धरला होता. तीही रडते आहे असं त्याला वाटलं, आणि तिच्यावरचा राग त्याने त्या घटकेला सोडून दिला.

"मुकं जनावर होतं वं," तो म्हणाला. "बोलता आलं असतं तं सांगितलं असतं तिनं मले."

"हो," मैनाबाई म्हणाली.

त्याने पिंजरा साबणाने घासून धुतला, उन्हात वाळवला आणि मागच्या दारात नेऊन ठेवला. पुन्हा जनावर आणायचं नाही, पिंजरा कोणाला तरी देऊन टाकायचा, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर मैनाबाई भांडी घेऊन नळावर गेली. बाबनराव पिंजरा उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

कोपऱ्यात भाकरीचा चावलेला गोळा पडला होता. ओला होता, आणि त्यात लाल रेघ होती.