तेरड्याचा वाफा

तेरडा मुळासकट हातात आला. वेणूने मुळांची माती झटकली, जुडी नव्या खणात गुंडाळून कडेवर घेतली आणि सुनेने पुढे केलेल्या बाटलीतलं पाणी तोंडात धरलं. आता घर येईपर्यंत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. बोललं की गौर वाटेतूनच परत जाते, असं तिच्या सासूने तिला सांगितलं होतं आणि तिने आपल्या लेकीला, करिष्माला. पूर्वी हे पाणी नदीचंच घेत. यंदाच्या पुराने नदी अजून गढूळ होती, म्हणून नळाचं.

एरवी वेणूला गप्प बसवणं तिच्या नवऱ्याला, हरिचंद्रला, अख्ख्या संसारात जमलं नव्हतं. त्यामुळे लेक जाणती झाली तसं गौर आणायचं काम तिच्याकडेच गेलं. लग्न होऊन अंबरनाथला गेल्यावरही गौरीच्या दिवशी सकाळीच करिष्मा दारात हजर. आणि यंदा जेठात करिष्मा गेली. जिन्यावरून पाय घसरला, असं सासरचे म्हणाले. लेक दिल्या घरची, आपल्याला सुतक तीनच दिवसांचं, असं भावकीने सांगितलं. ते तीन दिवस केव्हाच संपले. घरात गणपती बसले होते, म्हणजे गौर आणायलाच हवी. सून रिद्धी म्हणाली, मी जाते. वेणूने ऐकलं नाही. ही गौर तरी नीट घरी पोचली पाहिजे, याखेरीज तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

मांजर्लीच्या या काठावर पूर्वी रान होतं, तेरडा हवा तेवढा. आता तिथे बाग आहे. फरशीची वाट, बाकं, सेल्फीसाठी लाल रंगाचा एक मोठा बदाम. वाफ्यांमध्ये सोनटक्का, कर्दळ, लिली. सगळी बारमाही झाडं. पूर येवो, गाळ बसो, पुन्हा डोकं वर काढणारी. तेरडा बिचारा एका पावसाचा. अशा ठिकाणी त्याला तण समजून उपटून टाकतात. तरी कुंपणाच्या कोपऱ्यात एक वाफाभर तेरडा फुलला होता, आणि ‘फुले तोडू नयेत’ या पाटीकडे पाठ करून वेणूने त्यातलाच घेतला होता.

“अहो मावशी,” मागून हाक आली.

रिद्धी दचकली. या बागेची निगा राखणाऱ्या मंडळातल्या वृंदाताई होत्या. हातात खुरपं, हातमोजे मातीने भरलेले. वळसा घालून त्या दोघींच्या समोर आल्या. रिद्धीने घाईघाईने सांगितलं की गौर न्यायची आहे, आईंच्या तोंडात पाणी आहे, त्यांना बोलता येत नाही, आणि अगदी थोडासाच घेतलाय. वृंदाताई हसल्या. त्यांना ही रीत ठाऊक होती. हा वाफा त्यांनी मुद्दामच राखला होता म्हणे. एक मुलगी दरवर्षी यायची आणि हसू दाबत, गाल फुगवून निघून जायची. गेल्या वर्षी पाणी तोंडात घेण्याआधी तिने सांगून ठेवलं होतं, मॅडम, तुमच्या झाडांत आमच्या गौरीलाही थोडी जागा ठेवा. तेव्हापासून माळी तेरडा उपटायला लागला की वृंदाताई त्याच्या अंगावर धावून जायच्या.

“करिष्मा तुमचीच ना? यंदा ती नाही आली?”

रिद्धीने सासूकडे बघितलं. वृंदाताई वेणूकडेच बघत होत्या, उत्तराची वाट बघितल्यासारख्या. वेणूचे गाल थरथरले. हनुवटीवरून एक ओघळ खाली आला. एक शब्द बोलली असती तरी तिचा जीव हलका झाला असता. पण तिने ओठ घट्ट मिटून घेतले, कडेवरच्या जुडीवर हात ठेवला आणि मानेने घराची दिशा दाखवली.

“घरी आहे होय? बरं झालं. माहेरी आलीय तर आराम करू दे तिला,” वृंदाताई म्हणाल्या. “उद्या हळदीकुंकवाला येईन, तेव्हा भेटते.”

वेणूने मान डोलावली. रिद्धी काही सांगायला वळली, तर वेणूने तिचं मनगट धरून तिला फाटकाबाहेर ओढलं. वाटभर दोघींच्याही डोळ्यांना धार लागली होती. समोरून येणाऱ्या बायका गौर बघून हात जोडत होत्या आणि वेणूचा चेहरा बघून बाजूला होत होत्या.

घर आलं तशी रिद्धी पुढे झाली. दारात उभं राहून तिने वेणूच्या पायांवर दूधपाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. याच दारात जेठात करिष्मा पिशवी घेऊन उभी होती. एकटीच कशी आलीस, घरी सांगून आलीस का, लोक काय म्हणतील, असं सगळं वेणूने तिला बाहेरच उभं करून विचारलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समजूत घालून परत धाडलं होतं. पुढच्याच आठवड्यात अंबरनाथहून फोन आला.

आता रीतीप्रमाणे घरातल्या बाईने विचारायचं असतं. रिद्धीने रडू आवरलं.

“गौर आली, कशाच्या पावलांनी आली?”

वेणूने अंगणात चूळ टाकली. उत्तर ठरलेलं असतं, सोन्याच्या पावलांनी. ते तिने दिलं नाही.

“काय पन इचारू नको गो,” ती म्हणाली. “आदी तिला घरान घे.”