दोन फाइली, एक ओळ

वसंतकाकांचा माउस मावा-सुपारीनं चिकट झाला होता. शी! निरुपमानं तो दोन बोटांत धरला, कीबोर्डच्या डावीकडून उचलून उजवीकडे आपटला आणि ओढणीला हात पुसला. डावखुऱ्या माणसाच्या टेबलावर सगळंच उलटं.

"सापडलं का?" कारखान्याचे मॅनेजर जयसिंगराव तिच्या मागेच उभे होते.

नंदेसरीच्या त्या कारखान्यात सकाळी क्लोरीन गळला आणि धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. हंबीरराव ऑपरेटर टाकीपाशीच कोसळला. आता तो शहरातल्या अकोटा भागातल्या एका दवाखान्यात नळीवर श्वास घेत होता. भोंग्याचा प्रोग्राम निरुपमा आणि वसंतकाका दोघांनी मिळून लिहिलेला. तिसऱ्या कुणाला त्यात हात घालता येत नव्हता.

काकांच्या स्क्रीनवर दोन फाइली शेजारीशेजारी उघड्याच होत्या. दोन मजकूर ताडून फरक दाखवणारं सॉफ्टवेअर होतं ते. चारशे ओळी जशाच्या तशा, एकच ओळ लाल. डावीकडे भोंगा वाजवायची आज्ञा धडधडीत होती. उजवीकडे तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारून तिचं तोंड बंद केलेलं.

"डावीकडे जुनी, उजवीकडे नवी," तिनं काचेवर बोट ठेवलं. "चालू भोंगा मुद्दाम बंद केलाय, साहेब."

याच वसंतकाकांच्या हाताखाली ती काम शिकली. याच्याच डब्यातली दाळ-ढोकळी तिनं चार वर्षं आवडीनं खाल्ली. आणि यानं काय केलं? भोंग्याची कटकट नको म्हणून तो बंद केला आणि मावा चघळत बसला मेला!

तेवढ्यात वसंतकाका दारात आले.

"काका, प्रोग्रामला शेवटचा हात कुणाचा लागलाय?"

"माझाच."

"लाज नाही वाटत? माणूस मरतोय तिकडे!"

काका स्क्रीनकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. "निरू, सकाळपासून काही खाल्लंस का?"

"माझ्याशी बोलू नका. किळस येते तुमची."

"बस, पती गयुं. संपला विषय," म्हणत जयसिंगरावांनी पोलिसांना फोन लावला.

काकांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यालाही सुपारीचा वास मारत होता. निरुपमानं ते पेनाच्या टोकानं दूर ढकललं. पोलिसांची जीप काकांना घेऊन फाटकाबाहेर पडली, तरी तिनं मान वर केली नाही.

पोलिसांना कागदावर पुरावा हवा होता. छापण्यासाठी तिनं स्क्रीनवरची खिडकी मोठी केली. आता फाइलींच्या माथ्यावरच्या तारखा दिसल्या, लाल ओळीचा इतका वेळ झाकलेला शेवटही दिसला.

डावीकडच्या, भोंगा चालू असलेल्या फाइलीची तारीख आजची होती, अपघातानंतर वीस मिनिटांची. उजवीकडची मागच्या वर्षीची. तिरप्या रेघांच्या त्या ओळीअखेर लिहिलं होतं: "चाचणीपुरता बंद. उद्या आठवणीनं चालू करणे. निरुपमा."