चुलतीची साक्ष

अंबडच्या कोर्टात पुष्पाबाईंच्या नावाचा पुकारा झाला आणि आरोपीच्या बाकावरच्या सुमेधाने मान वर केली.

सुमेधा एका छोट्या साप्ताहिकाची संपादक. गावाच्या वाट्याचा पाण्याचा टँकर माजी सभापती राधेश्याम यांच्या मोसंबीच्या बागेत रिकामा होतो, अशी बातमी तिने छापली होती. राधेश्यामने तिच्यावर मानहानीची फिर्याद केली. शिक्षा झाली तर तुरुंग होता. ते टाळायला एकच वाट होती. बातमी खोटी होती असं लिहून माफी छापायची. बातमी तर खरी होती.

पण ती खरी आहे असं सांगायला गावातलं कुणी पुढे येत नव्हतं. टँकरच्या ड्रायव्हरनेही शब्द फिरवला होता. आणि आज खुद्द राधेश्यामची चुलती त्याच्या बाजूने साक्षीला आली होती, त्याच्याच गाडीतून. पुष्पाबाई खोटं बोलत नाहीत, हे सगळा गाव मानत होता. त्यामुळे पुतण्यासाठी त्या एकदा खोटं बोलल्या असत्या, तरी ते खरं ठरलं असतं. सुमेधाच्या वकील ज्योत्स्नाताई सकाळीच म्हणाल्या होत्या की या साक्षीनंतर माफीचा विचार करावा लागेल.

पुष्पाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. राधेश्यामच्या वकिलाने त्यांना आदराने नाव, गाव, नातं विचारलं. मग बातमी वाचली का, असं विचारलं. आपल्याला वाचता येत नाही, नातीने वाचून दाखवली, असं त्यांनी सांगितलं.

"ती ऐकल्यावर राधेश्यामभाऊंबद्दल तुमचं मत काय झालं?"

"जे होतं तेच राह्यलं."

वकील जरा हसला. आजीला प्रश्न नीट कळला नसावा, असं त्याला वाटलं. त्याने सोपं करून विचारलं, "म्हणजे बातमीमुळे त्यांचा मान कमी झाला ना?"

ज्योत्स्नाताई हरकत घ्यायला उठल्या, पण पुष्पाबाईंनी उत्तर देऊनही टाकलं.

"न्हाई. बातमी पावसाळ्यात आल्ती. टँकर उन्हाळ्यातच ह्याच्या मळ्यात गेल्ता."

टँकर तुम्ही स्वतः पाहिला का, असं न्यायाधीशांनी विचारलं.

"हंडा घेऊन दारातच बसले होते, साहेब. माझ्या समोरून गेला. ड्रायव्हरनं हॉर्न बी दिला."

मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. राधेश्यामने मान खाली घातली. त्याचा वकील त्याच्याजवळ जाऊन कानाशी बराच वेळ कुजबुजला. जेवणाच्या सुट्टीनंतर फिर्याद मागे घेत असल्याचा अर्ज न्यायाधीशांपुढे गेला आणि तो मंजूर झाला.

बाहेर आल्यावर सुमेधा लिंबाखालच्या कट्ट्यावर बसली. ज्योत्स्नाताईंनी चहा सांगितला. कितीतरी दिवसांनी सुमेधाला भूक लागली होती.

पलीकडेच राधेश्यामची गाडी उभी होती. तो दार उघडून चुलतीची वाट बघत होता. पुष्पाबाई आल्या तसा तो म्हणाला, "काकू, घरचं माणूस म्हणून तुम्हाला आणलं मी."

"घरचीच हाय म्हणून आले. विचारतील ते बराबर सांगा, तूच म्हणला होतास." त्यांनी गाडीचं दार धरलं, पण चढल्या नाहीत. "औंदा टँकर आधी गल्लीत आण. मंग बोलाव मला साक्षीला. तुझ्या मानाचं मी सांगते कोर्टाला."

राधेश्यामने चुलतीला हात देऊन गाडीत बसवलं.

सवयीने सुमेधाने पर्समधून पेन काढलं होतं. ते गाडीतून पुष्पाबाईंनी पाहिलं. त्यांनी काच खाली घ्यायला लावली.

"पोरी, टँकरचं खुशाल छाप," त्या म्हणाल्या. "हे आत्ताचं नको छापू. हे आमच्या घरातलं हाय."

सुमेधाने पेन परत ठेवलं आणि चहाचा कप उचलला.