मागच्या बाकावरचे गृहस्थ

भवानीपूरच्या प्रसूतिगृहात नर्सदीदी आम्हा गर्भार बायकांना बाळाला अंगावर कसं पाजायचं ते शिकवायच्या. मागच्या बाकावर कस्टमच्या पांढऱ्या गणवेशातले, केस पिकलेले एक गृहस्थ एकटेच येऊन बसायचे. "दुसरी बायको असणार," बंगाली बायका कुजबुजायच्या.

त्या दिवशी त्यांनी सरावाची बाहुली उचलली, तिची मान तळव्यावर तोलली आणि हळूच म्हणाले, "उगी, उगी."

मराठी! मला राहवेना. "काका, तुमच्या मिसेस नाही आल्या?"

"ती जाऊन बरीच वर्षं झाली."

"मग हे कुणासाठी शिकताय?"

"लेक येतेय नागपूरहून." त्यांनी बाहुलीचं दुपटं सारखं केलं. "पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ना. तिचं माहेर म्हणजे मी एकटाच."