नंबरप्लेटवरचा हात

धाकट्या लेकीचं, निशाचं, लग्न झालं त्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून डिंडोलीच्या पंडितअप्पांनी जुनी स्कूटर मोबाइलवर विकायला काढली. निरोपाचं हळदकुंकू लावून ते मागून फोटो घेणार, तोच त्यांच्या बायकोने, मालतीबाईंनी, नंबरप्लेटवर पंजा ठेवला. “अगं, हात काढ! गाडी विकायचीय की तुझ्या बांगड्या?” “बांगड्या दिसू द्या, नंबर नको. शेजारच्या चंदूभाऊंचा नंबर असाच फोटोतून उचलून कोणी चोरीच्या गाडीला लावला. बिचारे दोन दिवस पोलीस चौकीत बसून होते.” “पोरीच्या लग्नातही फोटोला पाठ फिरवलीस, आणि आज स्कूटरसोबत आलीस!” अप्पांनी हसत बटण दाबलं. चलथाणचं गिऱ्हाईक आलं, ओट्यावर बसून त्याने कागद पाहिले आणि स्कूटर घेऊन गेलं. फोटो उरला. खाली बांगड्यांचा हात, वर आरशात हसणारे अप्पा. नवराबायकोचा तेवढाच एक फोटो. अप्पा त्याच वर्षी माघात वारले.