फाटकावरच्या मधमाश्या

"कोणी खरं मानणार नाही, पण माझ्या माश्यांना अकरा वर्षांत तुझा जराही विसर पडला नाही," रामजी गुरवांनी ओसरीवर बसलेल्या मुलीला ऐटीत सांगितलं.

सुलभा मर्जीविरुद्ध लग्न करून गेली, तेव्हा पुन्हा या दारात तोंड दाखवू नकोस, असं त्यांनीच बजावलं होतं. आज ती भीत भीतच आजऱ्याला आली होती. गावातल्या प्रत्येक फाटकावर असते तशी माश्यांची पेटी इथंही होती. फोटो दाखवून पाक चाटवला, की माश्या तो चेहरा शिकायच्या. मग ते माणूस समोर आलं, की पाकाच्या आशेनं जीभ बाहेर काढायच्या आणि कडी सुटायची. सुलभाला बघून सगळ्यांनी जिभा काढल्या होत्या.

"यात माझा काही हात नाही हं," रामजी म्हणाले. "मी तर तुझा चेहरासुद्धा विसरलो होतो. तिळाएवढा मेंदू त्यांचा, पण तू जाताना पेटीपुढे उभी राहून रडलीस, तेवढं त्यांनी ध्यानात ठेवलं."

त्यांना धाप लागली. इतकं सलग बोलायची सवय मोडली होती. चहासाठी दुसरा कप काढला, तर त्यावर बोटभर धूळ. ते ती धूळ धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

"आबा, मधमाशी दीड महिना जगते," सुलभा हळूच म्हणाली. "अकरा वर्षं दर नव्या माशीला माझा फोटो दाखवून पाक कोण चाटवत होतं?"