पत्र्यातली वीज

चाकणच्या कारखान्यात नव्या गाडीची दारं पुन्हा बसवायला घ्यायची होती, पण एकही कामगार पुढे येईना. या गाडीला वेगळी बॅटरीच नव्हती. तिचा पत्राच वीज साठवायचा. गेल्या आठवड्यात दार उचलताना अन्सार मुलाणीचा उजवा हात भाजला, तेव्हा उत्पादनप्रमुख मृण्मयी घोरपडे यांनी सगळं काम थांबवलं होतं.

मुख्य कार्यालयातून सारखे फोन येत. "मॅडम, गाड्या कधी?"

"माणसं सुरक्षित झाली की," एवढंच त्या म्हणत.

त्यांनी पद्धतच बदलली. पत्रा आता विजेशिवाय यायचा आणि गाडी पूर्ण जुळल्यावरच त्यात वीज भरली जायची.

हे त्यांनी जमलेल्या कामगारांना सांगितलं, तेव्हा "सांगायला सगळं सोपं असतं," मागून कोणीतरी बोललं.

"खरं आहे," मृण्मयीबाई म्हणाल्या. त्यांनी हातमोजे काढले आणि पहिल्या दारावर दोन्ही तळवे टेकवले. सगळे श्वास रोखून बघत राहिले. काहीच झालं नाही.

"तुम्हाला एकटीला नाही उचलवणार ते, मॅडम," म्हणत अन्सार गर्दीतून पुढे आला. पट्टी बांधलेला हात त्याने पाठीमागे घेतला आणि डाव्या हाताने दाराची दुसरी बाजू धरली.